ॲडमिन पासवर्डाशिवाय सी: डब्ल्यू६४डेव्हकिट वर्षभर वापरून

डब्ल्यू६४डेव्हकिट हे नाव मुलांच्या तोंडात बसत नाही. आमच्या लॅबमध्ये त्याला नुसतं ‘किट’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. विंडोजवर सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकायला जे जे लागतं, म्हणजे प्रोग्रामचं चालणाऱ्या फाइलमध्ये रूपांतर करणारा जीसीसी कंपायलर, चुका शोधायला जीडीबी डीबगर, अनेक फाइलींचा प्रोग्राम बांधणारं मेक, कमांड टाइप करायला छोटा शेल, एडिटर, ते सगळं एकाच फोल्डरमध्ये बांधून दिलेलं हे मोफत साधन आहे. इन्स्टॉल करण्याची भानगड नाही. फोल्डर उलगडायचा, आतल्या एका फाइलवर डबल-क्लिक करायचं, काळी खिडकी उघडते आणि काम सुरू होतं. गेलं अख्खं शैक्षणिक वर्ष मी बारावीच्या आणि पदविकेच्या मुलांना याच्यावर शिकवलं. ज्या शिक्षकांकडे लॅब आहे पण लॅबच्या मशिनचा ॲडमिन पासवर्ड नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. आपण बरेच जण आहोत.

आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. लॅबमध्ये चोवीस जुनी मशिन, बहुतेकांवर विंडोज १०. देखभालीचं कंत्राट बाहेरच्या एका एजन्सीकडे आहे आणि ॲडमिन पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. मुलं साध्या स्टुडंट खात्यानं लॉगिन करतात, मीही त्याच खात्यानं. काही बसवायचं असेल तर एजन्सीला फोन करायचा, ‘माणूस पाठवतो’ असं उत्तर ऐकायचं आणि वाट बघायची. जुलैत वर्ग सुरू झाले तेव्हा मी फोन केला. माणूस आला तो गणपतीनंतर.

मधल्या काळात मुलांनी आपापल्या परीनं प्रयत्न केले. इंटरनेटवरून वेगवेगळे कंपायलर आणि आयडीई (एडिटर आणि कंपायलर एकाच खिडकीत देणारे प्रोग्राम) उतरवले आणि प्रत्येक ठिकाणी अडले. एका इन्स्टॉलरनं सुरुवातीलाच निळ्या पट्टीची खिडकी दाखवली: ॲडमिनचा पासवर्ड टाका. “मॅडम, हे पासवर्ड मागतंय,” असं एकानं सांगितलं, मग दुसऱ्यानं, मग पूर्ण रांगेनं. दुसरा एक जुना इन्स्टॉलर जास्त घातक निघाला. त्यानं पासवर्ड मागितलाच नाही. अर्धी पट्टी भरेपर्यंत नीट चालला आणि मग ‘एरर ओपनिंग फाइल फॉर रायटिंग’ असं म्हणून थांबला. खाली तीन बटणं: ॲबॉर्ट, रीट्राय, इग्नोर. मुलांनी इग्नोर दाबलं. प्रत्येक फाइलला तीच खिडकी, प्रत्येक खिडकीला इग्नोर. शेवटी ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झाले’ असा संदेश आला, डेस्कटॉपवर चित्र आलं आणि चित्रावर क्लिक केलं तर काहीच होईना. त्या दिवशी नऊ मशिनवर असा अर्धवट सांगाडा बसला. इग्नोर म्हणजे ‘ही फाइल ठेवायची राहिली तरी चालेल’, हे त्या वयाच्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. मी तेव्हा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: इग्नोर दाबू नका, ॲबॉर्ट दाबा आणि मला हाक मारा.

यातली अडचण समजून घेतली की निम्मा त्रास तिथेच संपतो. कंपायलर म्हणजे शेवटी काही फाइलींचा ढीग. तुमचा प्रोग्राम वाचायचा आणि त्याची ईएक्सई, म्हणजे थेट चालवता येणारी, फाइल लिहायची, एवढंच त्याचं काम, आणि त्या कामाला ॲडमिनचा अधिकार लागत नाही. अधिकार लागतो तो इन्स्टॉलरला, कारण तो आपल्या फाइली ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू पाहतो. ते फोल्डर साध्या खात्याला वाचायला मोकळं आणि लिहायला बंद असतं, आणि ते तसंच असायला हवं. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजनं ही शिस्त कडक केली. म्हणून मुलांना मी पहिल्या तासाला हेच सांगते की ‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर घाबरायचं नाही, तीन प्रश्न विचारायचे. कोण लिहायला गेलं? कुठे लिहायला गेलं? ती जागा कुणाची आहे?

एजन्सीच्या माणसानं फोनवर दोन उपाय सांगितले होते. एक, यूएसी, म्हणजे मशिनमध्ये मोठा बदल होण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची व्यवस्था, पूर्ण बंद करू. दोन, प्रोग्राम फाइल्सवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊ, म्हणजे कटकटच मिटली. दोन्हींना मी नाही म्हटलं, आणि आजही माझं मत तेच आहे. चोवीस मशिनवर दिवसभरात दीडशे मुलं बसतात, प्रत्येकाच्या खिशात पेनड्राइव्ह. तिथे प्रोग्राम फाइल्स सर्वांना लिहायला मोकळं केलं, तर एका पेनड्राइव्हमधला व्हायरस तिथल्या कुठल्याही ईएक्सईच्या जागी स्वतःला बसवू शकतो. उद्या ॲडमिननं तीच फाइल चालवली की पूर्ण मशिन गेलं. कंपायलर चालावा म्हणून घराचं दारच काढून ठेवायचं, हा उपाय नव्हे.

किट मला सापडलं ते याच शोधात. ते सध्या स्वतःच उलगडणाऱ्या एका दाबलेल्या फाइलच्या रूपात मिळतं. आमच्या गावातल्या इंटरनेटचा वेग बघता मी ती घरी एकदाच उतरवली आणि पेनड्राइव्हवर आणली. इथे एक अनुभवाची गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी मी उलगडलेलं फोल्डर पेनड्राइव्हवरून मशिनवर कॉपी करायला लावलं आणि एकेका मशिनला इतका वेळ गेला की तास संपला. आत हजारो छोट्या फाइली आहेत, स्वस्त पेनड्राइव्हला त्या झेपत नाहीत. दाबलेली एकच फाइल मशिनवर न्यायची आणि तिथे उलगडायची, हेच बरोबर. चहा होईपर्यंत चार मशिन तयार होतात.

उलगडायचं कुठे? विंडोजमधली ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. साध्या खात्याला सी ड्राइव्हवर थेट, उघड्यावर, फाइल ठेवता येत नाही, पण नवं फोल्डर मात्र करता येतं. मूळ सेटिंग तसंच असतं, कुणी मुद्दाम बदललं नसेल तर. मी सी ड्राइव्हवर ‘किट’ नावाचं फोल्डर केलं, स्पेलिंग इंग्रजीत, मध्ये स्पेस नाही. स्पेस नको हे आवर्जून सांगते, कारण मेक आणि त्याच्या जातीची जुनी साधनं फोल्डरच्या नावातल्या स्पेसनं गोंधळतात. त्यात किट उलगडलं, आतल्या ‘डब्ल्यू६४डेव्हकिट’ नावाच्या ईएक्सईवर डबल-क्लिक केलं, काळी खिडकी आली. जीसीसीचं व्हर्जन विचारलं, उत्तर आलं. पासवर्डाची खिडकी नाही, रीस्टार्ट नाही, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, नोंद नाही. एजन्सीच्या माणसाची दीड महिना वाट पाहिल्यावर हे अर्ध्या तासात झालं, तेव्हा मला खरोखर भरून आलं.

किटची एक चांगली सवय सांगायलाच हवी. ते मशिनच्या कायमच्या पाथला, म्हणजे प्रोग्राम कुठकुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीला, हात लावत नाही. आपली खिडकी उघडताना, फक्त त्या खिडकीपुरतं, स्वतःचं फोल्डर पाथच्या सुरुवातीला लावतं. आमच्या काही मशिनवर जुन्या अर्धवट इन्स्टॉलेशनचे सांगाडे पाथमध्ये लटकत होते. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जीसीसी म्हटलं की कुठला तरी मोडका जीसीसी धावत यायचा. किटच्या खिडकीत ते होत नाही. आणि किट नको झालं तर फोल्डर उडवायचं, मागे काही राहत नाही.

मात्र किटमुळे ‘परमिशन डिनाइड’ हे शब्द लॅबमधून गेले असं नाही. इन्स्टॉलेशनचा अडसर गेला, बाकीचे दिसायला लागले. सगळ्यात जास्त वेळा येणारा हा: मुलानं प्रोग्राम चालवला, तो आकडा टाकण्याची वाट बघत थांबलाय, मुलगा ते विसरून दुसऱ्या खिडकीत प्रोग्राम सुधारतो आणि पुन्हा कंपाइल करतो. उत्तर येतं, ‘कॅनॉट ओपन आउटपुट फाइल ए डॉट ईएक्सई: परमिशन डिनाइड’, आणि खाली ‘एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस’. मुलाला वाटतं पुन्हा पासवर्डाचं लफडं. तसं काही नसतं. चालू असलेली ईएक्सई विंडोज कुलूपबंद ठेवतं, तिच्यावर दुसरी लिहू देत नाही. आधीचा प्रोग्राम कंट्रोल सी दाबून बंद करायचा किंवा टास्क मॅनेजरमधून संपवायचा, पुन्हा कंपाइल करायचं. ही एकच गोष्ट मी वर्षभरात किती वेळा सांगितली त्याला गणती नाही, आणि दरवेळी मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना बघून बरं वाटलं.

दुसरा प्रकार एकदाच घडला, पण तो मी विसरणार नाही. बारावीतल्या एका मुलीनं दुकानाच्या मालाच्या नोंदी बदलणारा प्रोग्राम लिहिला. वडिलांचं किराणा दुकान आहे, त्यामुळे साखर, तूरडाळ, पोहे अशी खरीखुरी यादी होती त्यात. कंपाइल झाला, चालवायला गेली तर ॲडमिन पासवर्ड मागायला लागला. शेजारच्या मुलाचा चालतो, हिचा चालत नाही. मशिन एकच, खातं एकच, कंपायलरही एकच. आम्ही दोघींनी पाऊण तास घालवला. फोल्डर बदललं, प्रोग्राममधल्या ओळी एकेक करून काढल्या, शेवटी मेनमध्ये काहीच उरलं नाही तरी पासवर्ड मागतंय. मग तिनंच विचारलं, “मॅडम, फाइलचं नाव बदलून बघू का?” फाइलचं नाव होतं ‘अपडेट’. ते बदलून ‘दुकान’ केलं, आणि चालला.

घरी जाऊन मी कारण शोधलं. सेटअप, इन्स्टॉल, अपडेट असले शब्द नावात असलेली ३२ बिटची ईएक्सई दिसली आणि तिच्यात अधिकाराबद्दल काहीच लिहिलेलं नसलं, तर विंडोज तिला इन्स्टॉलर समजतं आणि आधीच ॲडमिनला बोलावतं. ते मशिन आमच्याकडचं सर्वांत जुनं, ३२ बिटचं, म्हणून त्यावर मी किटचीही ३२ बिटची आवृत्ती टाकली होती. बाकीच्या मशिनवर ६४ बिटची आवृत्ती आहे, तिथे हा प्रकार होत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे त्या मुलीकडूनच सांगून घेतलं.

तिसरा प्रकार अँटिव्हायरसचा. नुकतीच जन्मलेली, कुठल्याही यादीत नसलेली, सही नसलेली छोटी ईएक्सई काही अँटिव्हायरसना संशयास्पद वाटते. ती तपासायला धरून ठेवतात, कधी थेट उचलून बाजूला टाकतात, आणि मुलाला दिसतं ते पुन्हा ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘फाइल सापडत नाही’. आमच्याकडे असं मोजक्याच वेळा झालं. पुन्हा कंपाइल केलं की बहुतेकदा सुटतं. अँटिव्हायरस बंद करून काम भागवू नका एवढंच सांगेन.

आता तुलना, कारण आपल्याकडे तुलना टर्बो सी या जुन्या कंपायलरशीच होणार. माझं स्वतःचं शिक्षण त्या निळ्या स्क्रीनवर झालंय आणि त्या स्क्रीनबद्दल मला माया आहे. पण ते साधन डॉसच्या काळातलं, १६ बिटचं. ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालतच नाही, डॉसबॉक्सच्या, म्हणजे जुन्या डॉसच्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, आत बसवून चालवावं लागतं. फरक दाखवायला मी फॅक्टोरियलचा प्रोग्राम घेते. टर्बो सीमध्ये साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेत, ७ चा फॅक्टोरियल ५०४० बरोबर येतो, ८ चा मात्र ४०३२० यायच्या ऐवजी उणे २५२१६ येतो, कारण तिथला इंट ३२७६७ च्या पुढे जात नाही. किटच्या जीसीसीमध्ये इंट ३२ बिटचा, म्हणून १२ चा फॅक्टोरियल ४७९००१६०० बरोबर येतो आणि १३ ला गाडी घसरते. पण खरी गंमत पुढे आहे. कंपाइल करताना ‘सॅनिटाइझ अनडिफाइन्ड’ आणि ‘सॅनिटाइझ ट्रॅप’ हे दोन पर्याय लावले, की १३ ला चुकीचा आकडा छापण्याऐवजी प्रोग्राम जागीच थांबतो. तो जीडीबीमध्ये चालवला तर नेमकी गुणाकाराची ओळ समोर येते. ॲरेच्या बाहेर पाऊल टाकलं तरी असाच थांबतो. चूक केल्याक्षणी थांबवणारं साधन मुलांच्या हातात असणं ही शिकवणाऱ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. मी शिकले तेव्हा आम्ही चुकीचं उत्तर वहीत उतरवून पुढे जायचो.

जुन्या जर्नलमधले प्रोग्राम मात्र जसेच्या तसे चालणार नाहीत, ही तयारी ठेवा. स्क्रीन पुसणारं ते जुनं फंक्शन इथल्या कोनिओ या हेडर फाइलमध्ये (तयार फंक्शनांची यादी असलेल्या फाइलमध्ये) नाही, ग्राफिक्सची हेडर फाइल नाही. आणि २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून, न सांगितलेलं फंक्शन वापरलं तर पूर्वीसारखी नुसती वॉर्निंग मिळत नाही, सरळ चूक दाखवून कंपाइल थांबतं. १९९९ च्या सीच्या मानकानं तेच सांगितलं होतं. मी दिवाळीच्या सुट्टीत जर्नलमधले सगळे प्रोग्राम बसून दुरुस्त केले. वेळ गेला, पण करायलाच हवं होतं ते.

किटच्या उणिवाही आहेत. पहिली म्हणजे आयडीई नाही. आत व्हिम एडिटर आहे, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी व्हिम देणं म्हणजे पोहायला शिकवताना थेट कृष्णेच्या डोहात सोडणं. आम्ही नोटपॅडमध्ये लिहितो आणि किटच्या खिडकीत कंपाइल करतो. ज्यांना रंगीत अक्षरं हवीत ते व्हीएस कोडचा ‘यूझर’ इन्स्टॉलर वापरतात. तो वापरणाऱ्याच्याच फोल्डरमध्ये बसतो, पासवर्ड मागत नाही. दुसरी उणीव: खिडकीतला शेल लिनक्सच्या वळणाचा आहे. प्रोग्राम चालवायला नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ लागते, ते विसरलं की ‘सापडत नाही’. पहिले दोन आठवडे यातच जातात. माझ्या मते ते वाया जात नाहीत, पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर लिनक्स समोर आलं की ही मुलं बिचकत नाहीत.

तिसरी उणीव किटची म्हणता येणार नाही, पण परिणाम भोगावा लागतो. सी ड्राइव्हवर स्टुडंट खात्यानं केलेलं फोल्डर त्या खात्यानं बसणाऱ्या प्रत्येकाला बदलता येतं. डिसेंबरात एका मशिनवर प्रत्येक प्रोग्राम ‘एसटीडीआयओ डॉट एच (सीच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी हेडर फाइल) सापडत नाही’ म्हणायला लागला. कुणीतरी जागा करायच्या नादात आतलं एक फोल्डर उडवलं होतं. पुन्हा उलगडलं, पाच मिनिटांत चालू झालं. तेव्हापासून दाबलेली मूळ फाइल मी माझ्या पर्समधल्या पेनड्राइव्हवर कायम ठेवते. मुलांचे प्रोग्रामही किटच्या फोल्डरमध्ये ठेवू देत नाही, ज्याचे त्यानं आपल्या पेनड्राइव्हवर न्यायचे.

आणि जिथे किट हात टेकतं ती जागा. या वर्षी सहा नवी मशिन आली, एजन्सीनंच तयार करून दिली. त्यांवर किटची ईएक्सई उघडली की ‘हा प्रोग्राम ग्रुप पॉलिसीनं अडवला आहे, तुमच्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी बोला’ असा संदेश येतो. इथे फाइल ठेवायला परवानगी आहे, चालवायला नाही. प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज ही फोल्डरं सोडून बाहेरचं काहीच चालू द्यायचं नाही, असा नियम लावलाय. किट चालत नाही आणि चाललं असतं तरी मुलानं बनवलेली ईएक्सई चालली नसती. याला पेनड्राइव्ह, दुसरं फोल्डर, दुसरं नाव, काही उपयोगी नाही, आणि नियम चुकवायच्या वाटा मी मुलांना शिकवणार नाही. नियम लावणाऱ्यानंच एका फोल्डरपुरती सूट द्यायला हवी. तसा लेखी अर्ज मी प्राचार्यांच्या सहीनं दिला आहे: कुठलं फोल्डर, कशासाठी, कुठल्या वर्गांसाठी, हे सगळं लिहून. तुमच्याकडे असा संदेश आला तर वेळ न घालवता थेट अर्ज करा.

एवढं सगळं धरूनही, साध्या खात्यावर सी शिकवायचं असेल तर विंडोजवर मी दुसरं काही सुचवणार नाही. पैसे लागत नाहीत, एकदा उतरवल्यावर इंटरनेट लागत नाही, आणि बनणारी ईएक्सई सोबत कुठलीही डीएलएल, म्हणजे वेगळी जोड-फाइल, न मागता दुसऱ्या विंडोज मशिनवर चालते. शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व मला फेब्रुवारीत कळलं. किराणा दुकानवाली ती मुलगी सांगत आली की तिनं प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून घरी नेला आणि वडिलांच्या दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवला. वडिलांनी बसून सगळी यादी तपासली आणि म्हणाले, पोह्यांचा भाव जुना आहे, तेवढा बदल.